हातोड्यावरचं कुंकू

ती घटना मनातून जात नाही. दसरा जवळ आला, घरोघरची हत्यारं धुवायला अंगणात निघाली, की ती सकाळ जशीच्या तशी समोर उभी राहते आणि तेव्हा बसलेला धक्का नव्याने बसतो.

मी फौजदार नव्हते की हवालदार नव्हते. गावची पोलीस पाटील होते. गावात काही घडलं की ठाण्याला वर्दी द्यायची, पंच गोळा करायचे, पंचनाम्याला उभं राहायचं आणि महिन्याच्या महिन्याला गावचा अहवाल द्यायचा, एवढं माझं काम. हे पद आधी आमच्या मालकांकडे होतं. ते वारल्यावर रिकामं पडलं. माझं शिक्षण चौथी. तरी गावच्या मोठ्या माणसांनी शब्द टाकला, वरून सूट मिळाली आणि मला नेमलं. निवृत्त होईपर्यंत मी ते काम केलं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. पंचनाम्यालाही मी पदर सावरून एका कडेला उभी असायची आणि साहेब विचारतील तेवढंच सांगायची. त्यामुळे दिसायचं मात्र पुष्कळ. बोलणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या बोलण्याकडे असतं. गप्प माणसाला इकडेतिकडे बघायला सवड असते.

नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं अजून गावात आहेत.

आमचं गाव बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शिवेवर. कालव्याच्या खाली ऊस आणि तरकारी, कालव्याच्या वर नुसता माळ. त्या माळावर पूर्वी कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. तिथे झाडं आणली ती तात्यांनी. गावात त्यांना सगळे तात्याच म्हणायचे. मुरमात खड्डे घेऊन त्यांनी निलगिरी आणि सुबाभूळ लावली. लोक हसले. "तात्या, आता माळाला काय लिंबू-मिर्ची बांधताय का?" असं तोंडावर विचारलं. दुष्काळाच्या साली त्यांनी स्वतःच्या उसाचं पाणी तोडून झाडांना टँकर नेला. झाडं जगली, तेव्हा हसणाऱ्यांनीच त्यांच्याकडून रोपं नेली. पुढे झाडं लावणाऱ्या शेतकऱ्यांचा गट झाला आणि तात्या त्याचे प्रमुख झाले. माझ्याही बांधावर त्यांनीच दिलेली निलगिरी आहे.

परदेशात माल पाठवणाऱ्या एका कारखान्याला आमचं लाकूड हवं होतं. पण त्याला दाखला लागत होता. लाकूड चोरीचं नाही, सरकारी रानातलं नाही, तोडलं तेवढं पुन्हा लावलंय, तोडणाऱ्या मजुरांना धडके हातमोजे आणि टोप्या दिल्यात, बायकांना सभेत बसवलंय आणि गरिबातल्या गरीब माणसाला तक्रार करायची सोय आहे, हे सगळं बघून एक संस्था तो दाखला द्यायची. दरसाल तपासणीला पुण्याहून एक बाई यायच्या. दाखला असलेल्या लाकडात दुसरं लाकूड मिसळू नये म्हणून गटाने एक लोखंडी हातोडा करून घेतला होता. त्याच्या तोंडावर तीन पानांची खूण. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर त्याचा ठोका बसला की ती पानं लाकडात उमटायची. खूण नसलेला ओंडका गाडीत चढत नसे. हातोडा माळावरच्या शेडमध्ये कुलपात असायचा आणि किल्ली राखणदाराकडे.

तक्रारीच्या सोयीसाठी दूध डेअरीच्या भिंतीला एक पत्र्याची पेटी ठोकली होती. त्या घटनेच्या आदल्या तपासणीला बाईंनी ती सगळ्यांसमोर उघडायला लावली. कुलूप गंजलेलं, उघडेना. शेवटी दगडाने तोडलं. आत चिमणीचं घरटं निघालं. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

"तात्या, एवढी माणसं, एवढी तोड, आणि एकही तक्रार नाही?"

तात्या अभिमानाने म्हणाले, "मॅडम, तक्रारीला जागाच न्हाय ठेवली आमी."

"मला त्याचीच काळजी वाटते. जिथं कधीच तक्रार येत नाही तिथं देखरेख आहे असं मी कसं लिहू? लोक बोलले, त्याची चौकशी झाली, काहीतरी निर्णय झाला, असं पुढच्या वेळी मला दिसायला हवं. नाहीतर दाखल्याचं अवघड आहे."

तात्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मला वाईटही वाटलं. झाडं कशी आहेत ते बघायचं सोडून चिमणीच्या घरट्यावर बोट ठेवतात, असं मनात आलं.

आता राखणदाराबद्दल सांगते. तो गावातला नव्हे. त्याच्या समाजाची पालं पूर्वी गावाबाहेर पडायची. कुठेही चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी त्या पालांकडे वळायची. त्याच्या बापाने आणि आज्याने त्याच गाड्यांतून बरेच फेरे केले होते. तात्यांनी त्याला माळावर राखणीला ठेवलं, शेडजवळ खोप बांधून दिली. गावातल्या काहींनी नाक मुरडलं, पण तात्या म्हणाले, "त्याच्याइतकं रान कुणाला कळतंय?" ते खरंच होतं. तो आल्यापासून माळावर फांदीसुद्धा चोरीला गेली नव्हती. पगार न्यायला तात्यांच्या घरी यायचा तेव्हा अंगणात उभा राहायचा. ओसरीची पायरी तो कधी चढला नाही, कुणी चढ म्हणालं नाही. चहा त्याला खाली दगडावर ठेवलेल्या कपात मिळायचा.

दसऱ्याच्या सकाळी मी दाराला तोरण लावत होते. तात्या आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, पण बसले नाहीत.

"सूनबाई, वर्दी दे. माळावर चोरी झालीया."

मला वाटलं दोन-चार फांद्या गेल्या असतील.

"वनखात्याच्या हद्दीतल्या निलगिरी तोडल्यात. आन् त्याच्यावर आपल्या गटाचा ठोका मारलाय. ओंडकं राखणदाराच्या खोपीमागं पाचटाखाली सापडलं."

"राखणदाराच्या?" माझ्या हातातलं तोरण तसंच राहिलं.

"व्हय. विश्वास टाकला, ही चूक झाली म्हनायची. तू कर फोन."

मी दूरक्षेत्राला, म्हणजे जवळच्या पोलीस चौकीला, फोन केला. फौजदार साहेब नवीन होते, वयाने लहान, विदर्भाकडचे. कामाला चोख. वनरक्षकाला घेऊन आले. मी दोन पंच बोलावले. वनखात्याच्या हद्दीत ताजी खोडं दिसली. खोपीमागे उसाचं पाचट बाजूला केलं तर खाली ओंडके. साहेबांनी एकेक मोजायला आणि मापायला लावलं. प्रत्येकाच्या तोंडावर तीन पानांची खूण. मी कडेला उभी राहून बघत होते. पानांच्या शिरांमध्ये कसला तरी तांबूस-पिवळा रंग होता. साहेबांनीही तो पाहिला.

"हे लाल काय?"

वनरक्षक म्हणाला, "डिंक, साहेब. निलगिरीला असा लाल डिंक सुटतो."

पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं. डिंक लाल असतो हे मलाही ठाऊक होतं. पिवळ्याचं मी मनात ठेवलं, बोलले नाही.

राखणदार खोपीच्या दारात बसला होता. त्याचं कुत्रं सगळ्यांवर भुंकत होतं. त्याची बायको त्याच्या दंडाला धरून होती. शिपायाने तिचा हात सोडवला, तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पाटलीणबाई, सणाचं नेऊ नगा वं. पोळ्या केल्यात." मी खाली बघितलं.

साहेब तात्यांना म्हणाले, "हातोडा कुठाय?"

"माझ्या घरी. सकाळी हे बघितलं आन् शेडातनं नेऊन ठिवला. म्हटलं, परत गायब व्हायचा."

"पुराव्याला हात लावायचा नसतो, तात्या. पोलीस पाटील, तुम्ही तो घेऊन दूरक्षेत्राला या."

मी होय म्हणाले. पण आधी साहेबांनी मला जीपमध्ये बसवलं, कारण राखणदाराची बायको मागे धावत होती आणि तिला समजवायला बाईमाणूस हवं होतं. त्यामुळे पहिली विचारपूस मी स्वतः ऐकली.

दूरक्षेत्र म्हणजे दोन खोल्या. बाहेर टेबल, आत बाकडं. त्याला फरशीवर बसवलं. साहेबांनी मारलं नाही, हे मुद्दाम लिहिते. एक शिपाई बाह्या सरसावत होता, त्याला त्यांनी चहा आणायला धाडलं.

"काल कुठं होतास?"

"माळावरच की."

"दिवसभर?"

"दुपारी सासुरवाडीला जाऊन आलो, पिंपळीला. बायकोला आणाया. दीस मावळायच्या आत आलो."

"माळावर होतास त्याला साक्षीदार?"

"कुत्रं व्हतं, सायेब."

दारातला हवालदार फिसकन हसला. साहेबही हसणार होते, पण त्याचा चेहरा बघून थांबले. तो चेष्टा करत नव्हता.

"शेडची किल्ली तुझ्याकडं. हातोडा शेडमध्ये. मग ठोका दुसरं कोण मारणार?"

"हातोडा शेडात नव्हता, सायेब. काल खंडेनवमी. समदी हत्यारं तात्या पूजंला घेऊन गेलं."

"तात्या तर म्हणतात, आज सकाळी त्यांनी तो शेडमधूनच नेला. म्हणजे तात्या खोटं बोलतात?"

तो फरशीवर बोटाने रेघ ओढत राहिला. मग म्हणाला, "तात्या कशाला खोटं बोलतील? माझंच काय तरी चुकत आसंल."

मी अनेक विचारपुशींना बसले होते. आरोपी दुसऱ्याचं नाव घेतो, रडतो, देवाची शपथ घेतो, अंगावर येतो. आपली सुटका ज्याच्यात आहे ती गोष्ट तोंडातून आलेली कुणी परत गिळताना मी पहिल्यांदा बघत होते. साहेबांना वाटलं, खोटं पकडलं गेलं म्हणून माघार घेतली.

बाहेर त्याची बायको पायरीवर बसली होती, फडक्यात पोळी बांधून. "द्या म्हनावं त्यास्नी," एवढंच म्हणाली. मी फडकं आत दिलं आणि हातोडा आणायला गावात परत आले.

तात्यांच्या घरी सोनं द्यायला माणसं येत-जात होती. मीही आपट्याची पानं घेऊन गेले. तात्या ओसरीवर पाव्हण्यांत बसले होते. मी आत काकींकडे गेले. काकी म्हणजे तात्यांच्या मंडळी, मनात काही न ठेवणारी बाई.

"काकी, सोनं घ्या. आणि हातोडा न्यायला आलेय, साहेबांनी मागितलाय."

"ने बाई. देवघरात हाय. तरी मी म्हनतच होते, औंदा पूजंत काय तरी इघ्न येनार."

देवघरात पाटावर लाल कापड घातलेलं होतं. त्यावर कुऱ्हाडी, करवती, कोयते ओळीने मांडलेले, आणि मधोमध हातोडा. सगळ्यांवर हळद-कुंकू, झेंडूची फुलं.

"इघ्न कसलं?" मी विचारलं.

"काल सकाळी ह्यांनी समदी हत्यारं आनली, मी धुतली, पूजा केली. तिसऱ्या पारी देवीच्या होमाला गेले. येऊन बघते तर हातोड्याची फुलं खाली पडलेली आन् त्याच्या तोंडाचं कुंकू गेलेलं! मी ह्यास्नी म्हटलं, वं, पूजा कुनी हलवली? तर म्हनाले, उंदीर आसंल." काकी हसल्या. "उंदीर कुंकू खातोय व्हय गं?"

मी हातोड्याजवळ बसले. लोखंडाच्या बाजूंवर हळद-कुंकवाची बोटं जशीच्या तशी. तोंडावर मात्र कुंकू घासून गेलेलं, तीन पानांच्या उंचवट्यावर लोखंड उघडं पडलेलं, आणि खाचांमध्ये हळद अजून अडकलेली. तात्या म्हणाले होते, सकाळी शेडमधून आणला. हा तर कालच्या सकाळपासून देवघरात होता.

ओंडक्यांवर दिसलेलं ते पिवळं डोळ्यांपुढे आलं. म्हणजे ठोके पडले ते पूजा झाल्यावर, हातोडा इथून उचलून. आणि राखणदार? जो माणूस ओसरीच्या पायरीवर आजवर पाऊल ठेवू शकला नव्हता, तो घर ओलांडून देवघरात कसा येईल? इतकी वर्षं त्याला बाहेर उभं केलं होतं, आणि आज नेमकं तेच त्याची साक्ष देत होतं.

काकी म्हणाल्या, "काय गं, घाम आला? पानी देऊ?" मी नको म्हणाले. हातोडा लाल कापडासकट पिशवीत घातला. ओसरीवरून जाताना तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर पुढे ओढला आणि निघाले.

दूरक्षेत्रात माणसं होती. मला त्यांच्यासमोर बोलवेना. मी साहेबांना म्हटलं, "जरा बाहेर येता का?" जीपच्या आडोशाला जसं जमेल तसं सांगितलं. वाक्यं तुटत होती. साहेबांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. मग मुद्देमालातला एक ओंडका बाहेर घेतला, स्वतःचा पांढरा रुमाल ओला करून खुणेवरून फिरवला. रुमालावर पिवळा डाग आला, त्याच्यात लाल.

"आमच्याकडंही शस्त्रं पुजतात," साहेब म्हणाले. "पण दसरा होईपर्यंत हात लावत नाहीत ना?"

"इथंही नाहीत लावत. मजूर तर कालच्या दिवशी कुऱ्हाडीच्या दांड्याला शिवत नाहीत. म्हणूनच माळावर कुणी नव्हतं."

"मग ज्यानं वापरला त्यानं निदान कुंकू तरी पुसायचं."

त्याचं उत्तर तात्यांनीच दिलं.

दिवस कलला तसे आम्ही तात्यांच्या घरी गेलो. पाव्हणे पांगले होते. तात्यांनी उठून साहेबांच्या हातात आपट्याचं पान दिलं. साहेबांनी ते खिशात ठेवलं आणि रुमाल तात्यांपुढे पसरला.

"तात्या, हे ओंडक्यावरचं. डिंक आहे की हळद?"

तात्यांनी रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता चिडतील, नाही म्हणतील, वरती कुणाला तरी फोन लावतील. तसं काहीच झालं नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "हळद हाय. माझ्यानं पुसवलं न्हाय, सायेब. आमच्या हिनं पूजा केलेली. उचलला ह्योच मोठा दोष, वर कुंकू कुठं पुसायचं? वापरला आन् परत जाग्यावर ठिवला."

एका माणसाला चोर ठरवताना हात कचरला नाही, आणि लोखंडावरचं कुंकू पुसायला कचरला.

साहेबांनी विचारलं, "तोड कुणी केली?"

"लांबची माणसं बोलावली व्हती. ह्यो सासुरवाडीला गेला तेवढ्यात उरकलं. लई न्हाय तोडलं, धा-बारा झाडं. वनखात्याचा दंड मीच भरनार व्हतो."

"पण कशासाठी? तुम्हाला लाकडाची काय कमी?"

"लाकडासाठी न्हाय वं!" तात्यांना त्या प्रश्नाचाच राग आला. "दाखल्यासाठी. परवाच्या दिशी तपासनी. मागल्या टायमाला बाई काय म्हनली, ही पाटलीण हुती की तितं, विचारा. तक्रार न्हाय म्हंजी देखरेख न्हाय. आता आमी चोऱ्याच हुऊ दिल्या न्हाईत, त्यो आमचा गुन्हा? बरं, तिला दाखवायचं व्हतं ना, तक्रार आली, चौकशी झाली, कारवाई झाली? मग घे म्हटलं. वर्दी हाय, पंचनामा हाय, मान्सावर कारवाई हाय. सगळं कसं नियमानं."

साहेबांनी रुमालाची घडी केली. मग हळू आवाजात म्हणाले, "आणि तो आत बसलाय तो?"

"चार दिसांत सोडवला आसता. जामीन मीच देनार व्हतो. कामावरनं काढनार नव्हतो."

"त्यालाच का?"

तात्या म्हणाले, "दुसऱ्या कुनाला धरलं आसतं तर भावकी उठली आसती, गावात दोन तट पडलं आसतं. गट मोडला आसता. त्याच्या मागं कोन हाय? आन् त्याच्या लोकास्नी आत बसायची सवय आस्ती, सायेब. त्याला त्याचं काय वाटत न्हाय."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे, कारण ते मला विसरताच आलं नाही. हे बोलणारा माणूस दुष्ट नव्हता. आमचे मालक गेले तेव्हा माझ्या दारात पहिल्यांदा आलेला, माझ्या लेकीच्या लग्नात अक्षता वाटत फिरलेला हा माणूस. माळावर पाखरांना पाणी ठेवणारा. त्याच्या तोंडून ते वाक्य इतकं सहज आलं, जसं दुपारी काय खाल्लं ते सांगावं.

काकी आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता. त्या म्हणाल्या, "उंदीर म्हनालात मला." एवढंच. मग आत गेल्या.

उठताना तात्या माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुझ्यासाठी कलेक्टर कचेरीपातूर मी शब्द टाकला. का, ठाव हाय? म्हटलं, ही गप मानूस हाय. गावातलं गावात ऱ्हाईल."

दुसरा धक्का तो होता. मला वाटायचं, मालकांच्या चांगुलपणामुळे आणि माझ्यावरच्या विश्वासाने मला नेमलं. राखणदाराच्या मागे कुणी नव्हतं म्हणून त्याला निवडलं होतं, आणि माझ्या तोंडात शब्द नव्हता म्हणून मला. माप एकच होतं.

खोटी वर्दी देणं आणि निरपराध माणसाला गुन्ह्यात गुंतवणं, याचा गुन्हा तात्यांवर दाखल झाला. झाडतोडीचा वनखात्याने वेगळा केला. त्यांना जामीन मिळाला, ते घरी आले. राखणदाराला साहेबांनी त्याच संध्याकाळी सोडलं. मला वाटलं होतं तो चिडेल. तो पायरीवर बसून वहाणा घालत म्हणाला, "बाई, आता राखनीला जाऊ का नगं? शेड उघडंच ऱ्हायलंय."

मी म्हटलं, "तू तक्रार दे."

"कुनाची?"

"तुला धरलं त्याची. गटाकडं दे. परवा तपासणीच्या बाई येतायत."

तो हसला. "मला लिवाया येतंय व्हय?"

"मला येतं. चौथीपुरतं."

मी लिहिलं, त्याने अंगठा केला. डेअरीवरच्या पेटीला आता कुलूप नव्हतंच. मी कागद आत टाकला तेव्हा दूध घालायला आलेली माणसं बघत होती.

मधला तो एक दिवस कठीण गेला. गावाला सगळं कळलं होतं. मला वाटलं होतं, लोक हादरतील. पण मला भेटलेल्या प्रत्येकाने एकच विचारलं: "दाखला ऱ्हानार का जानार?" त्या माणसाचं काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. माझ्या दिरांची झाडं तोडीला आली होती. ते दारात येऊन म्हणाले, "वहिनी, तो कागद काढून घ्या. सगळ्या गावाच्या पोटावर पाय देताय तुमी." एक पोक्त बाई डेअरीवर मोठ्याने म्हणाली, "मुकी व्हती तवाच बरी व्हती." बायका हसल्या.

तपासणीच्या दिवशी सभा भरली. तात्या पुढच्या रांगेत नेहमीच्या जागी. राखणदार आणि त्याची बायको पार मागे, चपलांजवळ. बाईंनी पेटी उघडली, कागद काढला, वाचला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. आपल्याच बोलण्याचं काय झालं ते त्यांना त्या कागदात दिसत होतं. त्यांनी कागद पुन्हा वाचला आणि विचारलं, "हे ज्यांचं आहे ते इथं आहेत?"

तो उभा राहिला. सगळ्या माना मागे वळल्या. कुणीतरी म्हणालं, "बस खाली." तो खाली बसायला लागला.

बाई म्हणाल्या, "थांबा. यांच्या बाजूनं सांगणारं कोणी आहे?"

कुणी मान वर केली नाही. तात्यांची पाठ माझ्यासमोर होती. त्याच्या मागं कोन हाय, ते शब्द मला पुन्हा ऐकू आले. मी उठले. उठताना पदर डोक्यावरून घसरला, तो सावरायचंही राहिलं.

"मी आहे त्याच्या मागं," मी म्हटलं. आवाज चिरका निघाला, पण निघाला. आणि मग हातोड्यापासून सगळं सांगितलं.

दाखला थांबवला गेला. त्या हंगामात कारखान्याने आमचं लाकूड घेतलं नाही. माझीही निलगिरी बांधावर उभीच राहिली. माझ्याशी बोलणं टाकलेली काही घरं आजही बोलत नाहीत. पुढे गटाने प्रमुख बदलला, हातोड्याची किल्ली दोघांकडे ठेवली, बऱ्याच खटपटीने दाखला परत मिळाला. तात्या सभेला यायचे बंद झाले. माळावर मात्र रोज जायचे. झाडांना हात लावून उभे राहिलेले मी लांबून पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल मला काय वाटतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. दर महिन्याच्या अहवालात मी 'गावात शांतता आहे' असं लिहून देत असे. त्यानंतर ते लिहिण्याआधी मी गावाबाहेरच्या खोपींवर आणि पालांवर एक चक्कर मारून यायला लागले. जी माणसं आपणहून दाराशी येत नाहीत, त्यांच्या दाराशी आधी जायचं. मोठ्या माणसाने केलेलं काम बघायचं, त्याला मान द्यायचा, पण ते काम कुणाच्या पाठीवर उभं आहे तेही खाली वाकून बघायचं.

राखणदाराने ती नोकरी पुढे केली नाही. सांगवीकडे एका बागेवर राहिला. मी निवृत्त झाल्याचं कुणाकडून तरी त्याला कळलं. त्या दसऱ्याला बायकोला घेऊन माझ्याकडे आला. अंगणात उभा राहून त्याने आपट्याची पानं पुढे केली.

"सोनं घ्या, पाटलीणबाई."

"वर ये," मी म्हटलं.

त्याने पायरीकडे पाहिलं. वहाणा काढल्या. पाय पायपुसण्याला पुसले, पुन्हा एकदा पुसले. मग बायकोचा हात धरला आणि दोघं ओसरीवर आली.